मदत हवी आहे : एकटेपणात परमुलखातल्या गाण्यांची सोबत

नमस्कार. पायाच्या शस्त्रक्रियेनंतर गेले दोन महिने मी लालबागच्या एका लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर अडकून पडलो आहे. दुपारी शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या थांबल्या की घर खायला उठते. अशा वेळी पश्चिम आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे या बेटांच्या देशातल्या गायिका सेझारिया एव्होरा (१९४१–२०११) यांचे मोर्ना (तिथली संथ, उदास गाणी) गायन ऐकताना, तिथल्या क्रिओल भाषेतला एकही शब्द कळत नसूनही, कोणीतरी उशाशी येऊन बसल्यासारखे वाटते. २०१९ साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेलेली ही गाणी आपल्या विराण्यांची सख्खी बहीणच आहेत, असे माझे (कदाचित भाबडे) मत आहे. पश्चिम आफ्रिकेचे कोरा हे २१ तारांचे वाद्यही ऐकून झाले. याच संथ लयीचे आणखी काय ऐकावे, आणि आठवड्यातून एकदा फोनवर सोबतीने ऐकायला मुंबईतले कोणी तयार आहे का, हे कृपया कळवावे.