कॅमेरा घरात शिरतो तेव्हा
'प्रसिद्धी हवी तर एवढं सोसायलाच हवं' असं काहीजण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. २०२२ मध्ये 'सिडनी मॉर्निंग हेरल्ड' या वृत्तपत्राने ऑस्ट्रेलियन अभिनेत्री रेबेल विल्सनला तिच्या प्रेयसीबद्दल विचारलं, तिने ते नातं जाहीर केलेलं नसताना, आणि उत्तराला जेमतेम दोन दिवस दिले. तिने स्वतःच इन्स्टाग्रामवर सांगून टाकलं, तर बातमी हुकल्याची तक्रार स्तंभात छापून आली! नंतर माफी मागितली म्हणा. तिच्या हाताशी निदान इन्स्टाग्राम होतं. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे प्रा. रामचंद्र सिरस यांच्या तर घरात फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांचे एका पुरुषासोबतचे खासगी क्षण टिपायला कॅमेरा घेऊन माणसं शिरली. विद्यापीठाने निलंबित कुणाला केलं? सरांनाच. १ एप्रिलला हायकोर्टाने निलंबनाला स्थगिती दिली आणि आठवडाभरात सर भाड्याच्या खोलीत मृतावस्थेत सापडले. निवृत्तीला काही महिनेच उरले होते.