क्रिओल म्हणजे आळशी जिभेची भाषा? मग हे वाचा

गोदाकाठ, नांदेड
काल इथं एकानं लिहिलं, 'क्रिओल भाषांत अवघड उच्चार गळतात, कारण बोलणारे अडाणी मजूर होते.' डोकं फिरलं. क्रिओल म्हणजे वेगवेगळ्या भाषांची माणसं एकत्र आल्यावर घडलेली, पुढं मातृभाषा झालेली भाषा. दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममधल्या स्रानान या क्रिओलमध्ये इंग्रजी 'बिग'चं 'बिगी' झालं, 'टॉक'चं 'ताकी'. आळशी जीभ शब्दाच्या शेवटी जादा स्वर कशाला जोडेल? तिथं आणलेल्या गुलामांच्या गबे, किकोंगो या आफ्रिकी भाषांत अक्षर बहुधा स्वरावरच संपतं. तो साचा त्यांनी इंग्रजी शब्दांना लावला. तिथल्याच सारामाक्कन या दुसऱ्या क्रिओलमध्ये तर सूर आहेत, म्हणजे आवाजाच्या चढउतारानं अर्थ बदलतो, आणि 'ग्ब', 'क्प' हे ध्वनी एका दमात म्हणायचे. युरोपातल्या साहेबांची जीभ तिथं अडखळेल!

जालनेकर
निवडक उदाहरणं देऊ नका. फ्रेंच 'शाँते'चं (गाणं म्हणणं) मॉरिशसच्या क्रिओलमध्ये 'साँते' झालं. गळलाच ना 'श'? आपल्याकडं 'पाणी'चं 'पानी' होतं तसंच. आळसच तो.

गोदाकाठ, नांदेड
हैतीची क्रिओलही फ्रेंचमधूनच आली, तीही गुलामांचीच. तिथं आजही 'शाँते'च म्हणतात. ते काय जास्त मेहनती होते?

लातूरची लेक
'पानी'वर थांबा जरा. पुण्यात कॉलेजला होते तेव्हा तोंडी परीक्षेत मी 'पानी' म्हटल्यावर सरांनी सगळ्यांसमोर चारदा म्हणायला लावलं. वर्ग हसला. त्या वर्षी मी पुन्हा वर्गात तोंड उघडलं नाही. माझी आजी 'केळ', 'बाभूळ' ठसठशीत 'ळ' लावून म्हणते. 'ण'चा आळस अन् 'ळ'चा नाही, असं असतंय का?

जालनेकर
ताई, वाईट वाटलं, पण प्रमाण उच्चार शिकवायचाच नाही का? मुलाखतीत लेकरं मागं पडायलीत.

परभणीकर
शिकवा की! पण आजीला आळशी कामून म्हणता? अन् प्रमाण मराठीचा एवढा तोरा नको. भाषाशास्त्रज्ञ फ्रँकलिन साउथवर्थ यांनी १९७१ मध्येच मांडलं होतं की मराठीच्या घडणीतच क्रिओलीकरण झालं असावं.

जालनेकर
माउलींच्या भाषेला खिचडी म्हणायलात? पैठणला येऊन बोला हे!

परभणीकर
येतो की. नाथांनी लोकांच्या तोंडच्या भाषेतच लिहिलं.

गोदाकाठ, नांदेड
भांडण पैठणला नेऊ नका. आपल्याच राज्यात, रायगडातल्या कोर्लईत पोर्तुगीज क्रिओल बोलतात. १७४० मध्ये पोर्तुगीज सत्ता गेली, शेजार मराठीचा राहिला. मराठी शब्दांसोबत महाप्राण ('ख', 'घ'सारखे) उच्चारही त्या भाषेत शिरले. म्हणजे ध्वनी वाढले.

जालनेकर
बरं, कोर्लईचं अन् सुरिनामचं मान्य. 'पानी'बद्दल माझं मत बदललेलं नाही.

लातूरची लेक
मग निदान वर्गात हसणाऱ्यांना गप्प करा, दादा. उच्चार आम्ही शिकू.