कॉलनीत घरामागं कोंबड्या पाळू का?

फुलेवाडीकर: घरामागं थोडी मोकळी जागा आहे. आईला चार देशी कोंबड्या पाहिजेत, अंड्यांसाठी. शेजारचे काका आत्तापासूनच म्हणायला लागलेत, "वास येणार, कोंबडा पहाटे उठवणार." कुणी पाळल्यात का? परवानगी लागते का?

बावड्याची वहिनी: कोंबडा ठेवूच नका की! अंड्यांना तो लागत नाही, पिल्लं पाहिजेत तरच लागतो. निम्मं भांडण तिथंच मिटलं. वास ओल्या विष्ठेचा येतो. खुराड्यात भाताच्या तुसाचा जाड थर टाका, उकरत राहा, ओला झाला की बदला. आपला पाऊस बघता छपराला चांगला उतार द्या. आणि मुंगूस! बारीक जाळी घ्या, खाली वीतभर जमिनीत पुरा. आमची तांबडी मुंगसानंच नेली, सासूबाई अजून हळहळतात.

उचगावचा गडी: पिल्लं घेताना मानमोडीची लस दिलीय का विचारा, ती साथ आली की खुराडं रिकामं करते. परवानगीचं महापालिकेत लेखी विचारा. तोंडी "चालतंय की"वर जाऊ नका.

फुलेवाडीकर: कोंबडा रद्द. काकांना अंडी देतो म्हटलं, तर ते माळकरी निघाले!

बावड्याची वहिनी: मग खत द्या त्यांच्या गुलाबांना. कुजवून हां, ताजं टाकलं तर रोपं जळतात.