मेलानोमाच्या पेशी गोळ्यांना दाद देईनाशा का होतात?

प्रश्न (गुहागर): आमच्या मामांच्या तळपायावरचा काळा डाग लावणीच्या वेळी काटा रुतल्याची खूण समजून अंगावर काढला गेला, तो मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग निघाला आणि जांघेतील लसिकाग्रंथीत पसरला. ब्राफ (पेशींना वाढीचा संदेश देणारे प्रथिन) रोखणाऱ्या गोळ्यांनी गाठ आधी आटली, नंतर पुन्हा वाढली. असे का होते? सोबत अँटिऑक्सिडंट (ऑक्सिडीकरण रोखणारे पदार्थ) द्यावेत का?

प्रतिसाद (रत्नागिरी): तळपायाच्या मेलानोमात ब्राफमधील बदल तुलनेने कमी आढळतो, जिथे असतो तिथे तो पेशीला ग्लुकोजच्या जलद विघटनावर जगवतो. गोळ्यांनी ही वाट अडली की काही पेशी पीजीसी-१-अल्फा हे प्रथिन वाढवून मायटोकाँड्रियातील ऑक्सिजनाधारित ऊर्जेवर तग धरतात, जशी पावसाळी मासेमारीबंदीत घरे सुक्या मासळीवर निभावतात. नवे जनुकीय बदलही कारण ठरतात. म्हणूनच मेक (ब्राफच्या संदेशसाखळीतील पुढचे प्रथिन) रोखणारे दुसरे औषध सहसा जोडीला देतात. मामांना ते चालू आहे का?

प्रतिसाद (मालवण): दुसऱ्या प्रश्नाविषयी. रक्तात शिरलेल्या मेलानोमाच्या पेशींवर ऑक्सिडीकरणाचा इतका ताण येतो की बहुतेक तिथेच मरतात. शॉन मॉरिसन यांच्या टेक्सासमधील प्रयोगशाळेने २०१५ मध्ये उंदरांत दाखवले, की अँटिऑक्सिडंट दिल्यास प्रसार वाढतो. २०२० मध्ये त्यांनीच दाखवले, की लसिका या शरीरद्रवातील ओलिक आम्ल हे मेदाम्ल या पेशींना फेरोप्टोसिस या लोहाधारित मृत्यूपासून वाचवते. निष्कर्ष उंदरांवरचे असले, तरी कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याखेरीज अशा गोळ्या देऊ नयेत. जेवणातील सोलकढी बंद करण्याचे मात्र कारण नाही.

प्रश्नकर्ता (गुहागर): मेकचे औषध चालू नाही; सोमवारच्या तपासणीत विचारतो.