डिस्क की डिजिटल

इथे एकाने लिहिलंय की व्हिडिओ गेमची डिस्क घेणं म्हणजे पैसे पाण्यात, सगळं डिजिटलच, म्हणजे ऑनलाइन डाउनलोड करून घ्यावं. पीसीवाल्यांपुरतं मान्य. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात 2015 पासून रुपयांत दर लागतात, उन्हाळी-हिवाळी सेलमध्ये बरेच जुने गेम निम्म्याच्याही खाली येतात. शिवाय खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत. एपिक या तशाच दुसऱ्या दुकानात फुकटचे गेम चालूच असतात. मे 2020 मध्ये जीटीए 5 सुद्धा वाटला होता त्यांनी.

पण सोनीच्या प्लेस्टेशनचं (पीएस4, पीएस5) गणित वेगळं. आमच्या टोळक्यात वर्गणी काढून एकच डिस्क घेतात. ती आधी म्हापशात, मग फोंड्याला, मग मडगावला फिरते आणि सगळ्यांचं खेळून झालं की विकून टाकायची. प्लेस्टेशनच्या ऑनलाइन स्टोअरवरून घेतलेला गेम असा ना फिरवता येतो, ना विकता. जुनी डिस्क घेताना तेवढी उजेडात तिरपी धरून बघा, खोल ओरखडा दिसला तर सोडून द्या. आणि बाबांनो, डिस्क ड्राइव्ह नसलेला पीएस5 स्वस्त दिसतो म्हणून लगेच उचलू नका. स्लिम या त्याच्या सडपातळ मॉडेलला ड्राइव्ह नंतर जोडता येतो, पण फुकट नाही!

गेम बाजारात येण्याआधीच आगाऊ बुकिंग करणं मला कधीच पटलं नाही. सायबरपंक 2077 हा गेम डिसेंबर 2020 मध्ये आला तेव्हा पीएस4 वर इतका रखडत होता की सोनीने तो काही महिने स्टोअरवरून काढूनच टाकला. थांबलेल्यांना दुरुस्त झालेला गेम कमी पैशांत मिळाला. चवथीला हातात चार पैसे आले की मी यादी काढतो, तीही गेल्या वर्षीच्या गेमांचीच.