मदत हवी आहे: मुलासाठी ‘अंबर’ हे अरबी नाव – अर्थ, मूळ आणि एक अडचण

नमस्कार मंडळी,

दादाला मुलगा झाला, आज नववा दिवस. बारसं पुढच्या रविवारी. आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव मी सांगणार आणि नेमकं नावावरच घोडं अडलंय.

आमचं घर नगरचं. वहिनीचं माहेर खुलताबादचं, मुसलमान. लग्न ठरलं तेव्हाच दोघांनी ठरवलं होतं की मूल झालं तर नाव असं ठेवायचं जे माझ्या आईलाही परकं वाटणार नाही आणि वहिनीच्या अम्मीलाही. मुलींसाठी अशी नावं बरीच सापडतात. मुलांसाठी कबीर, समीर झालं की संपलंच. मग वहिनीने ‘अंबर’ सुचवलं. आईला लगेच आवडलं, तिला त्यात आकाश दिसलं. अम्मींना सुगंध आठवला. मी तर पाळण्याच्या कापडावर नाव भरायलाही घेतलं होतं.

आणि परवा फोनवर वहिनीचे अब्बा हळूच म्हणाले, “गुलामां का नाम है ये, बेटा.” ते रागाने बोलले नाहीत. आयुष्यभर उर्दू शिकवलेला माणूस आहे, विचार केल्याशिवाय बोलत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की मलिक अंबरला (निजामशाहीचा तो गाजलेला सेनानी) हे नाव आईबापांनी दिलं नव्हतं, विकत घेणाऱ्याने दिलं होतं. मलिक अंबरचा मकबरा खुलताबादलाच आहे, वहिनी लहानपणी तिथे खेळलेली आहे. पण नावाकडे या बाजूने तिने कधी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून ती गप्प आहे, आणि बाळंतिणीला असं गप्प बसलेलं मला बघवत नाही.

अरबी, फारसी किंवा इतिहास जाणणाऱ्या कुणी सांगाल का? अरबीत या शब्दाचा नेमका अर्थ काय? हे फक्त गुलामांचंच नाव होतं का? आज मुलग्यांना ते ठेवतात का? शेजारच्या एक काकू म्हणाल्या की हे मुलीचं नाव आहे. आकाशवाल्या अंबरशी त्याचं काही नातं आहे का, हेही सांगा. जे असेल ते स्पष्ट सांगा, गोड बोलून समजूत घालू नका.

प्रतिसाद १

अभिनंदन आत्याबाई! अंबर म्हणजे आकाश. संस्कृत आहे. निःशंक ठेवा.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादात थोडी गल्लत होतेय. कानाला सारखे लागणारे तीन वेगळे शब्द आहेत.

संस्कृत अंबर म्हणजे आकाश आणि वस्त्र. पीतांबर, दिगंबर यांतला.

फारसी ‘अंबार’ म्हणजे कोठार. पन्हाळ्यावरचा अंबरखाना बघितला असेल, धान्याची ती प्रचंड कोठी, तिच्या नावात हा शब्द आहे. आकाशाशीही संबंध नाही आणि मलिक अंबरशीही नाही.

अरबीतला शब्द तिसरा. ऐन, नून, बे, रे अशी त्याची अक्षरं. हा ‘अंबर’ म्हणजे समुद्रात तरंगणारा, राखाडी, मेणासारखा सुगंधी पदार्थ. स्पर्म व्हेल माकूल (स्क्विड) खातो, माकुलाची कठीण चोच पचत नाही, तिच्याभोवती आतड्यात हा पदार्थ साचत जातो. तो बाहेर पडून खाऱ्या पाण्यात आणि उन्हात बराच काळ राहिला की मूळचा घाण वास जाऊन सुगंध येतो. कोकणात ‘व्हेल माशाची उलटी’ पकडल्याच्या बातम्या येतात, ती हीच (उलटी म्हणतात, पण ती खरं तर उलटी नव्हे). वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली आपल्याकडे तिच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे.

बातम्यांमुळे नाक मुरडू नका मात्र. जुन्या अरबी जगात कस्तुरी, कापूर, ऊद (म्हणजे अगरू) आणि अंबर ही श्रीमंती सुगंधांची पहिली फळी होती. येमेनच्या शिहर किनाऱ्यावरचा अंबर सर्वांत उत्तम मानला जाई. अत्तराच्या दुकानात ‘शमामतुल अंबर’ मागून बघा, नाव अजून चालू आहे. इराकमध्ये नजफकडे एक वासाचा तांदूळ पिकतो, त्यालाही अंबरच म्हणतात. आपण भाताला आंबेमोहोर म्हणतो, तसंच ते.

उच्चाराबद्दल एक सांगायचा मोह आवरत नाही. अरबीत लिहितात ‘अन्बर’, म्हणतात ‘अम्बर’. पुढे ब आला की न चा म होतो. आपला अनुस्वारही ब समोर म होतो. म्हणून देवनागरीतलं ‘अंबर’ हे त्या नावाचं अगदी नेमकं लेखन आहे. फक्त सुरुवातीचा ऐन आपल्याकडे साधा अ होतो.

प्रतिसाद ३

गुलामीच्या प्रश्नाबद्दल लिहितो. तुमच्या वहिनीच्या अब्बांचं म्हणणं खरं आहे, आधी तेच मान्य करायला हवं.

गुलामांना मौल्यवान वस्तूंची नावं देण्याची रीत होती. याकूत म्हणजे माणिक, काफूर म्हणजे कापूर, जौहर म्हणजे रत्न, संदल म्हणजे चंदन, आणि अंबर. विकत घेतलेल्या माणसाला विकत घेतलेल्या चैनीच्या वस्तूचं नाव. देवगिरीवर आलेला मलिक काफूर आठवा, रझिया सुलतानाचा सरदार याकूत आठवा. इजिप्तवर राज्य केलेला काफूर (मृत्यू 968) आणि 969 मध्ये कैरो वसवणारा जौहर, दोघेही गुलामीतून वर आलेले.

मलिक अंबर 1548 च्या सुमारास इथिओपियात जन्मला. 1617 मध्ये त्याच्या छावणीत गेलेल्या एका डच व्यापाऱ्याने त्याचं मूळ नाव ‘चापू’ असं नोंदवलंय. बगदादच्या मीर कासिमने त्याला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. पुढे दख्खनमध्ये त्याला निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने विकत घेतलं. हा चंगीझखान स्वतःही हबशी (म्हणजे आफ्रिकेतून आलेला), एकेकाळचा गुलाम. तो वारल्यावर त्याच्या बायकोने अंबरला मोकळं केलं.

इथून पुढचं मला महत्त्वाचं वाटतं. सुटका झाल्यावर नाव बदलायला त्याला कुणाची आडकाठी नव्हती. त्याने ते ठेवलं, पुढे ‘मलिक’ लागलं. 1600 मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला, तरी त्याने परांड्याला निजामशाही पुन्हा उभी केली आणि पंचवीसेक वर्षं झुंजवली. 1610 मध्ये खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथली जमिनीखालून पाणी आणणारी खापरी नळांची व्यवस्था अजून ‘नहर-ए-अंबरी’ म्हणून ओळखतात. जहांगीर त्याला शिव्या देत राहिला, अंबरचं कापलेलं डोकं भाल्यावर टांगून आपण त्यावर बाण मारतोय असं चित्रही त्याने काढून घेतलं. प्रत्यक्षात ते डोकं त्याच्या हाती कधीच लागलं नाही. 1624 ला भातवडीला (तुमच्या नगरपासून किती जवळ!) अंबरने मोगल आणि आदिलशाही फौजांना एकत्र हरवलं. शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूने होते, त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले. परमानंदाच्या शिवभारत या संस्कृत काव्यात ही लढाई आहे, म्हणजे हे अरबी नाव संस्कृत श्लोकात कधीच येऊन बसलंय.

1626 मध्ये तो वारला तेव्हा मोगलांच्याच इतिहासकाराने लिहून ठेवलं की युद्धात, हुकमतीत आणि राज्यकारभारात त्याला तोड नव्हती.

नाव देणारा मालक होता, हे पुसता येणार नाही. पण चारशे वर्षांनी खुलताबादेत लोक जे नाव घेतात, ते मीर कासिमने दिलेलं म्हणून घेत नाहीत.

प्रतिसाद ४

‘फक्त गुलामांचं’ हे मात्र बरोबर नाही. इस्लामच्या आधीपासून तमीम या मोठ्या अरब टोळीची एक शाखा ‘बनू अल-अंबर’ म्हणून ओळखली जाते. मूळपुरुषाचं नाव अल-अंबर. ते स्वतंत्र, वंशाचा अभिमान बाळगणारे अरब होते. अब्बांना हे जरूर सांगा.

हदीसमध्येही (पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहात) हा शब्द येतो. पैगंबरांचे सोबती अबू उबैदा यांच्याबरोबर समुद्राकाठी गेलेले तीनशे लोक उपासमारीने झाडाचा पाला खात होते, तेव्हा समुद्राने एक अवाढव्य मासा किनाऱ्यावर टाकला. त्याचं नाव अंबर. अर्धा महिना सगळे त्यावर जगले. माझ्या दादीमाँ ही गोष्ट सांगायच्या, त्यामुळे माझ्यासाठी अंबर म्हणजे आधी भुकेल्यांना मिळालेलं अन्न, अत्तर नंतर.

शेजारच्या काकूंचंही चुकलेलं नाही. फारसी-उर्दू शायरीत प्रेयसीचे केस ‘अंबरीं’, म्हणजे अंबरासारखे सुवासिक. त्यातून अंबर, अंबरीन ही उर्दूत मुलींची नावं रुळली. इंग्रजीतलं ॲम्बर हेही याच अरबी शब्दातून गेलं आणि तिकडेही मुलींचंच झालं. आज अरब देशांत मुलग्यांमध्ये हे नाव विरळा आहे. इजिप्तमध्ये तर याच लेखनाचा, कोठारवाल्या शब्दातून आलेला ‘अंबर’ म्हणजे इस्पितळातला वॉर्ड किंवा तुरुंगातली बराक. तिथे कुणी आपल्या मुलाला हे नाव द्यायला धजावणार नाही. पण उत्तर भारतात आणि बंगालमध्ये आकाशाच्या अर्थाने अंबर हे मुलाचंच नाव आहे. तुमचं बाळ इथे वाढणार ना, मग त्याला कुणी मुलगी समजणार नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सगळे प्रतिसाद वहिनीला वाचून दाखवले. बनू अल-अंबर ऐकल्यावर तिने स्वतःच अब्बांना फोन लावला. ते बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, तमीमचं माहीत होतं, या नावाशी जोडून कधी पाहिलं नव्हतं. गुलामीची गोष्ट मात्र पोराला कळत्या वयात सांगायचीच, लपवायची नाही, ही त्यांची अट आहे. दादाने कबूल केलं. ‘चापू’ हे नावही सांगायचं, असं वहिनी म्हणाली.

संध्याकाळी अब्बांनी कागदावर नाव लिहून फोटो पाठवला, ऐनसकट. मी ते बघून कापडावर देवनागरीखाली उर्दूतही भरतेय. ऐनाचं वळण दोऱ्याने फार अवघड जातंय.

आता एकच विचारायचं राहिलं. जन्मदाखल्यावर इंग्रजीत एम लिहायचा की एन? दादा सोमवारी महापालिकेत जातोय.

प्रतिसाद ५

एम लिहा. एन लिहिलंत तर शाळेत ‘अनबर’ म्हणतील, शिवाय इराकच्या अन्बार प्रांताशी घोळ होईल, त्याचं नाव कोठारवाल्या शब्दावरून आहे. आणि दुसरा ए विसरू नका, नाहीतर ॲम्बर होईल. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, पण नाव त्याच वेळी लिहायची सक्ती नाही. बारा महिन्यांच्या आत ते विनाशुल्क घालता येतं. तेव्हा घाई नको, बारसं झाल्यावर दादा निवांत जाऊ दे.

धागाकर्ती

हे माहीत नव्हतं, धन्यवाद. मग सोमवारी फक्त जन्माची नोंद करू. दाखल्यावर लिहिण्याआधी नाव त्याच्या कानात जाऊ दे.