छंद आहे म्हणून पाठ दुखत नाही होय?

सुईदोरा

परवा आपल्याकडच्या महिला उद्योजिकांच्या एका ग्रुपवर पोस्ट आली. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी सार: हातानं वस्तू करणाऱ्या बाईनं रोज एक तरी नवी वस्तू करून तिचा फोटो टाकलाच पाहिजे, एक दिवस चुकला की गिऱ्हाईक दुसरीकडं जातं, आणि मनापासून आवड असेल तर दमायला होतच नाही. जी दमते ती पैशासाठी आलेली, कलेसाठी नव्हे. खाली नुसते बदामच बदाम. एकीनंही विचारलं नाही की बाई, तुमच्यात स्वयंपाक कोण करतंय?

तिथं उत्तर दिलं असतं तर ॲडमिननं उडवलं असतं, म्हणून इथं लिहिते.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत घरी ब्लाऊज शिवते, खणाच्या पर्सा करते आणि वाकळा, म्हणजे जुन्या साड्यांच्या गोधड्या, शिवते. पोट भरतं ब्लाऊजवर, नाव होतं वाकळेवर. वाकळ ज्यांनी शिवलीय त्यांना सांगायला नको. कडेनं सुरुवात करायची आणि टाका फिरत फिरत आत न्यायचा. सुई खालच्या थरापर्यंत पोचली का हे डोळ्याला दिसत नाही, खाली धरलेल्या डाव्या हाताच्या बोटाला टोचलं की कळतं. रात्री अकरानंतर टाके आपोआप लांबतात. सकाळी उजेडात वाकळ पसरली की कुठल्या ओळीला डोळे मिटत होते ते बोट ठेवून दाखवता येतं. मग ती ओळ उसवायची. रात्रीचा वेळ गेला तो गेला, वर सकाळचाही.

म्हणून माझं ठरलंय. सोमवारी मशीन झाकून ठेवायचं. दिवाळीचं शेवटचं गिऱ्हाईक गेलं की तुळशीच्या लग्नापर्यंत नवं काम घ्यायचं नाही. त्या दिवसांत मी जुन्या साड्यांचे तुकडे जमिनीवर नुसते मांडून बघते. रंग शेजारी लावते, काढते, परत लावते. विकायला त्यातलं काहीच नसतं. पण पुढच्या वर्षाच्या वाकळा तिथंच ठरतात. रोज फोटो टाकायचा म्हटला तर हे कधी करायचं?

बोला.

लग्नघर

सोमवारी बंद, दिवाळीनंतर बंद, आणि मधल्या दिवसांत "उद्या या". ताई, राग मानू नका, पण शिवणाऱ्यांनी विश्रांतीवर लिहावं म्हणजे कमालच झाली!

माझ्या पुतणीच्या लग्नाचे ब्लाऊज शहरातल्या एका नावाजलेल्या ठिकाणी टाकले होते. चांगले महिनाभर आधी. तारीख त्यांनीच दिली. त्या तारखेला गेले तर कापडाला कात्रीसुद्धा लागली नव्हती. मग रोजच्या चकरा. हळदीच्या सकाळी हातात पडले ते हुकाविना. माझी नणंद, जिला सुईत दोरा ओवता येत नाही, ती मांडवात बसून हुक लावत होती. नवरीच्या ब्लाऊजचा मुंढा असा काचत होता की हार घालायला पोरीला हात वर करता येईना. अल्बममध्ये नवरदेव वाकलाय तो संस्कारानं नव्हे. आणि पहिल्या धुण्यात अस्तर आटलं ते वेगळंच.

सुईदोरा

त्यांनी सुट्टी घेतली म्हणून तुमचं काम रखडलं नाही. झेपेल त्याच्या दुप्पट कापड घेतलं म्हणून रखडलं. मी नेमकं तेच म्हणतेय.

लग्नघर

मग तोंडानं नाही म्हणावं ना.

सुईदोरा

म्हणते की. मग महाद्वार रोडला भेटल्यावर ऐकू येतं, "आता मोठी झाली ती, आमचं कशाला घेईल."

तांबडा_पांढरा

विषय हार्ड झाला 😂 आमच्या आईनं तर मापाचं ब्लाऊज परत मागायचंच सोडलंय. म्हणती, तिकडं सुखी असू दे.

पायमशीन

ताई, तुमच्या घरात दुसरा पगार येतो का एवढंच सांगा.

मी फॉल-पिको करते, जुनं उसवून मोठं-लहान करून देते, जूनमध्ये शाळेचे गणवेश. घरात मिळवणारी मी एकटी, सासूबाई अंथरुणाला. जूनभर पाठ टेकत नाही आणि जुलै मोकळा. मोकळा म्हणजे रिकामा, त्याला मी विश्रांती म्हणत नाही. रंग शेजारी लावून बघायला आवडेल मला पण. वाकळेच्या फोटोला लोक वा वा करतात, पिकोला कोण करतंय? कला करणारीनं दमलं की त्यावर चर्चा होते. आम्ही दमलो की "जरा पटपट हात चालवा".

त्या पोस्टवाल्या बाई आणि तुम्ही, मला तरी एकाच गल्लीतल्या वाटता.

सुईदोरा

नवऱ्याचा पगार आहे, लपवत नाही. त्यानं माझा मुद्दा खोटा ठरतो का?

पायमशीन

खोटा नाही ठरत. महाग ठरतो.

गिरणीचा_भोंगा

पायमशीन यांनी दुखरी नस धरली. माझे वडील शाहू मिलमध्ये होते. १९०६ साली शाहू महाराजांनी काढलेली गिरणी. भोंगा झाला की पाळी सुरू, भोंगा झाला की सुटी. घरी आलेला माणूस घरचा असायचा. मुंबईत गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली १८९० साली, तीसुद्धा नारायण मेघाजी लोखंड्यांनी मालकांशी भांडून घेतली तेव्हा. १९४८ च्या कारखाने कायद्यानं आठवड्याला ४८ तासांची हद्द घातली. हे सगळं कारखान्याच्या फाटकाच्या आत. स्वयंपाकघर आणि सोप्याच्या मध्ये मशीन टाकून बसलेल्या बाईला ना भोंगा, ना फाटक. नगावर पैसे, म्हणजे मालक पण तीच आणि मुकादम पण तीच. आता त्यात हे "रोज एक फोटो"चं नवं खूळ!

तुम्ही लोक सुट्टी आवडीची का गरजेची यावर भांडताय. आमच्या वेळी युनियन...

तांबडा_पांढरा

काका, युनियनवर आलात की थांबत नाही तुम्ही. मागच्या धाग्यावर पाण्याच्या टाकीपासून युनियनवर गेला होता.

गिरणीचा_भोंगा

टाकीचा आणि युनियनचा संबंध होता. तुम्ही वाचलं नाही.

चप्पललाइन

आमचं पण ऐका जरा. सुभाषनगरात आमची तिसरी पिढी चपलंत. आई वेण्या घालती, मी तळ कापतो, चुलता कान आणि पट्टं बसवतो. आमची सुट्टी ठरवतो पाऊस. चामडं वाळत न्हाई, हवेत ओल, वर भुरा धरतो. आणि पावसात कोल्हापुरी घालतंय कोण? मग दोन-तीन महिनं हात बांधून बसायचं, आणि दसऱ्याच्या आधी जेवायला फुरसत न्हाई. सुट्टी भरपूर हाय आमच्याकडं, पैसं न्हाईत तेवढं. सुईदोरा ताईंची सुट्टी बघून लै बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आमाला तसली सुट्टी कुणी दिल्याली न्हाई.

तांबडा_पांढरा

मग त्या इटलीच्या प्राडा कंपनीला सांगा की पगारी रजा द्या म्हणून.

चप्पललाइन

प्राडाचं बास झालं आता. २०१९ ला कोल्हापुरीला जीआय, म्हंजे भौगोलिक मानांकन, मिळालं तवा कुणी विचारलं न्हाई, जून २०२५ ला मिलानमध्ये त्यांच्या शोमध्ये तसली चप्पल दिसली तर अख्खं गाव रस्त्यावर. त्यातल्या किती जणांच्या पायात हातची चप्पल हाय ते बघा म्हणावं. शंभर रुपये कमी करा म्हणून तासभर उभी राहत्यात.

काटेकोर

मी मास्टर आहे, लक्ष्मीपुरीत आयुष्य गेलं. वरची सगळी चर्चा वाचली. विश्रांती वगैरे ठीक. पण लग्नघर, तुम्ही दोन वेगळी दुखणी एकात बांधलीत. मुंढा काचला तो ट्रायल न घेतल्यामुळं. नवरीचं ब्लाऊज जुन्या मापावरून कधी कापायचं नसतं, अंग बदलतं. अस्तर आटलं ते न भिजवल्यामुळं. सुती अस्तर रात्रभर पाण्यात, दुसऱ्या दिवशी सावलीत वाळवून इस्त्री, मग कात्री. न भिजवता शिवलं की पहिल्या धुण्यात अस्तर आत ओढतं आणि वरचं रेशीम चुण्या पडून फुगतं. साधी गोष्ट आहे.

लग्नघर

साधी गोष्ट आहे तर त्यांनी का केली नाही? शिलाईत अस्तराचे वेगळे पैसे घेतले होते.

काटेकोर

अस्तर तुम्ही दिलं होतं की त्यांनी घातलं?

लग्नघर

आम्ही दिलं. मॅचिंग आम्हीच आणलं.

काटेकोर

मग भिजवून द्यायचं काम तुमचं.

लग्नघर

हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? हॉटेलात तांदूळ धुऊन घेऊन जाऊ का आता मी?

पायमशीन

मास्टर, हे पटलं नाही. गिऱ्हाईकानं आणलं तरी मी भिजवतेच. त्याचे पैसे कुणी देत नाही ते सोडा. पावसाळ्यात अस्तर वाळायला दोन दिवस जातात, घरभर दोऱ्या.

काटेकोर

बाई, तुमच्याकडं दिवसाला दोन ब्लाऊज येत असतील. लग्नसराईत आमच्याकडं किती येतात? दोऱ्या बांधायच्या कुठं?

पायमशीन

म्हणजे जास्त काम घेतलं की भिजवायचं नाही. झालं, हेच तर सुईदोरा वरपासून ओरडतायत!

काटेकोर

मी तसं म्हटलं नाही.

लग्नघर

तसंच म्हटलंत. वर जाऊन वाचा.

काटेकोर

हल्ली रेडिमेड गळ्याचं, पॅड घातलेलं, तयार ब्लाऊज घेणाऱ्यांनी मला शिवण शिकवू नये. तुमच्या पिढीला कटोरी आणि प्रिन्सेस कटमधला फरक कळत नाही आणि...

लग्नघर

माझं वय माहीत आहे का तुम्हाला? माझ्या लग्नात माझं ब्लाऊज माझ्या आईनं शिवलं होतं, हातानं, आणि ते आजही होतं मला. म्हणजे, होत नाही, पण त्यात दोष ब्लाऊजचा नाही.

तांबडा_पांढरा

हे वाक्य फ्रेम करून लावा कुणीतरी.

रोजनिशी

ती पोस्ट माझी. मला न विचारता सार लिहिलंत, तेही तिखटमीठ लावून, म्हणून बोलावं लागतंय.

मी क्रोशाचं काम करते. रोज एक वस्तू म्हणजे रोज वाकळ नव्हे. एक फूल, एक किचेन, एखादं बाळाचं मोजं. बाळंतपणानंतर मी वर्षभर काहीच केलं नाही, "आधी विश्रांती घे" असं सगळे म्हणत होते आणि त्या विश्रांतीनं मी वेडी व्हायची वेळ आली. कुणाशी बोलायला नाही, काही हातात नाही. एका मैत्रिणीनं सुई आणि लोकर आणून दिली, म्हणाली रोज एक फूल कर, बास. त्या फुलांनी मला उठवलं. सुईदोरा यांना मोकळे दिवस मानवतात, मला मोकळ्या दिवसांची भीती वाटते. प्रत्येकीचं दुखणं एक नसतं.

स्वयंपाक मीच करते. विचारलंत म्हणून सांगितलं.

सुईदोरा

हे तुम्ही पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. मग मी इथं आलेच नसते. पण "जी दमते ती पैशासाठी आलेली" हे वाक्य त्या फुलात कुठं बसतं? पैशासाठी आलेली म्हणजे काय पाप केलं? पायमशीन पैशासाठीच बसतात. मीही ब्लाऊज पैशासाठीच शिवते.

रोजनिशी

बरं, ते वाक्य काढते. "दमायला होतं, पण फोटोत दिसत नाही" असं लिहू? चालेल का तुमच्या पंचायतीला?

पायमशीन

हे खरं लिहिलंत. बदाम मात्र निम्मे येतील.

चप्पललाइन

त्या मोज्याचं किती घेता हो ताई?

रोजनिशी

लोकरीचे पैसे धरून दीडशे. लोक म्हणतात बाजारात साठला मिळतं.

चप्पललाइन

तेच ते. तुमी रोज केलं काय, आठवड्यानं केलं काय, साठलाच मागणार. भाव बरोबर मिळाला तर ताईंसारखं आमी पण पावसाळ्यात चामड्याचं तुकडं मांडून बघत बसू. नवीन पट्टा, नवीन वेणी कवा सुचणार मग? आजाच्या वेळचंच डिझाइन अजून चाललंय.

गिरणीचा_भोंगा

म्हणूनच म्हणत होतो, एकत्र येऊन भाव ठरवा. युनियन म्हणा नाहीतर भिशी म्हणा.

काटेकोर

लग्न आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत नसतात. तेव्हा आराम करावा की. चार महिने देवच झोपतो.

पायमशीन

आणि गौरी-गणपती? नवरात्र? दिवाळी? अंबाबाईच्या नऊ दिवसांत नऊ रंगांचे ब्लाऊज कोण शिवतं मास्टर, देव?

काटेकोर

नऊ रंगांचं फॅड आमच्या वेळी नव्हतं.

लग्नघर

तर ते राहू दे. सुईदोरा ताई, मार्गशीर्षात माझ्या धाकट्या पुतणीचं लग्न आहे. तुमच्या सुट्टीनंतरच येतं. अस्तर मी भिजवून, वाळवून, इस्त्री करून देते, मास्तरांच्या नावानं. पण तारीख कागदावर लिहून द्यायची आणि ट्रायल पाहिजे.

सुईदोरा

देते लिहून. त्या तारखेच्या आधी "झालं का" म्हणून फोन करायचा नाही, हे तुम्ही लिहून द्या. आणि सोमवारी तर नाहीच.

लग्नघर

एक तरी फोन करणार. आधीच सांगते.

पायमशीन

ॲडव्हान्सचं अजून कुणीच बोललेलं नाही.